पाहुणे आणि रहिवासी

फेब्रुवारी 2003 मध्ये जपानच्या योकोहामा शहरातल्या निशी वॉर्डाने एका सीलला रहिवासी दाखला दिला. आदल्या वर्षीच्या ऑगस्टात हा समुद्रातला प्राणी वाट चुकून तामा नदीत शिरला होता. त्याला बघायला काठावर झुंबड उडाली, टीव्हीवाल्यांनी त्याचं ‘तामाचान’ असं लाडाचं नाव ठेवलं. पुढे त्याने निशी वॉर्डातल्या नदीत मुक्काम हलवला, तेव्हा वॉर्ड ऑफिसने त्याला ‘निशी तामाओ’ असं नाव-आडनाव देऊन मानाचा रहिवासी करून घेतलं. जपानीत ज्याला ‘ज्यूमिनह्यो’ म्हणतात तो दाखला त्याच्या नावाने निघाला. सगळा कौतुकाचा मामला. पण थोड्याच दिवसांत काही परदेशी रहिवासी गालांवर मिशा रंगवून तिथे मोर्चाने आले. आम्ही इथे वर्षानुवर्षं राहतो, कर भरतो, आमची मुलं इथल्या शाळांत जातात. मग सीलला मिळालेला दाखला आम्हाला का मिळत नाही, एवढंच त्यांचं विचारणं होतं.

प्रश्न गमतीचा वाटला तरी त्याचं उत्तर कायद्यात होतं. 2012 पर्यंत ज्यूमिनह्यो फक्त जपानी नागरिकांचा निघे. परदेशी माणसाची नोंद वेगळ्या वहीत आणि वेगळ्या कायद्याखाली होई. जपानी बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केलं आणि दोघं एका छपराखाली नांदली, तरी घराच्या दाखल्यात नवरा नसे. फार तर शेऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव येई, तेही मागणी केली तर. कागद बघणाऱ्याला वाटावं, ही बाई एकटीच मुलं वाढवते आहे.

हे पुस्तक त्या वेगळ्या वहीबद्दल आहे. मराठी वाचकाला जपान भेटला तो बहुतेक प्रवासवर्णनांतून. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’पासून आजच्या सहल-लेखांपर्यंत त्या देशाची टापटीप, नम्रता आणि वक्तशीरपणा यांचं भरभरून कौतुक आपण वाचलं आहे, आणि ते खोटं नाही. पण प्रवाशाला परतीचं तिकीट असतं. त्याला घर भाड्याने घ्यायचं नसतं, बँकेत खातं उघडायचं नसतं, मुलाचं नाव शाळेत घालायचं नसतं, म्हाताऱ्या आईला आपल्याकडे आणायचं नसतं. जो राहायला जातो त्याला दिसणारा देश वेगळा असतो. या पुस्तकातले लेख अशा राहणाऱ्या माणसांचे आहेत. दुभाष्याच्या कामामुळे माझा या माणसांशी आणि त्यांना ज्या खिडक्यांसमोर उभं राहावं लागतं त्या खिडक्यांशी जवळून संबंध आला. त्या नात्याने विषयाची पार्श्वभूमी सांगण्याचं काम माझ्याकडे आलं आहे.

सुरुवात 1952 पासून करावी लागते. जपानच्या साम्राज्यात कोरिया आणि तैवान होते, तेव्हा तिथली माणसं कायद्याने जपानी प्रजा होती. लाखो कोरियन माणसं खाणींत, कारखान्यांत, बांधकामांवर कामाला आली. काही पोटासाठी, काही युद्धकाळात सक्तीने. युद्ध संपल्यावर बरीच परत गेली, पण कित्येक लाख मागे राहिली. 28 एप्रिल 1952 रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात आला आणि त्याच दिवशी या सगळ्यांचं जपानी नागरिकत्व गेलं. तुम्हाला कोणतं नागरिकत्व हवं, असं कुणी विचारलं नाही. न्याय खात्याच्या एका परिपत्रकाने काम भागलं. जपानमध्ये जन्मलेली, जपानीखेरीज दुसरी भाषा न येणारी मुलं एका रात्रीत परदेशी झाली, आणि त्याच वर्षी आलेल्या परदेशी नोंदणी कायद्याने त्यांची वेगळी वही सुरू झाली.

जपानमधल्या परदेशी माणसाच्या अडचणींचं मूळ इथे आहे. ही व्यवस्था बाहेरून येणाऱ्या कामगारांसाठी किंवा इंजिनियरांसाठी आखलेली नव्हती. आधीच घरात असलेल्या, पण सरकारला नकोशा झालेल्या माणसांवर नजर ठेवण्यासाठी ती होती. 1955 पासून नोंदणीच्या वेळी बोटांचे ठसे घेणं सुरू झालं. वॉर्ड ऑफिसच्या टेबलाशी डाव्या हाताची तर्जनी शाईत बुडवायची आणि कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायची. जपानी नागरिकाला हे फक्त गुन्ह्यात सापडल्यावर करावं लागे. कोरियन घरातल्या मुलामुलींना ते शाळकरी वयात करावं लागे, आणि वर्गातल्या जपानी मित्रांना काय सांगायचं हा प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवायचा.

1980 मध्ये तोक्योच्या शिंजुकू वॉर्डात हान जोंग-सोक या कोरियन रहिवाशाने ठसा द्यायला नकार दिला. पुढच्या काही वर्षांत हजारो माणसं त्याच्या मागून गेली. खटले झाले, अटका झाल्या. ठसा न देणाऱ्याला परदेशी जाऊन परत येण्याचा परवाना मिळेना, म्हणजे देशाबाहेर गेलो तर घराचं दार बंद. सम्राट हिरोहितो यांच्या निधनानंतर 1989 मध्ये जाहीर झालेल्या माफीत हे खटले गुंडाळले गेले, आणि काही आरोपी त्यावरही नाराज झाले. त्यांना माफी नको होती, कायदा चूक की बरोबर याचा निकाल हवा होता. कायमच्या रहिवाशांवरची ठशांची सक्ती 1993 मध्ये गेली, बाकीच्यांवरची 2000 मध्ये. आणि नोव्हेंबर 2007 पासून विमानतळावर, दहशतवादाला आळा घालण्यासाठी म्हणून, बहुतेक सर्व परदेशी प्रवाशांचे ठसे पुन्हा घेतले जाऊ लागले. यातून सूट मिळाली ती 1952 मध्ये नागरिकत्व गमावलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना; आज त्यांना ‘विशेष कायम रहिवासी’ म्हणतात.

ठशांचा लढा सुरू होण्याआधीच दोन निकाल लागले होते. त्यांच्याकडे एकत्र पाहिलं तर या व्यवस्थेचे दोन्ही चेहरे दिसतात. पहिला 1974 चा. पार्क जोंग-सोक हा जपानमध्येच जन्मलेला तरुण. जपानी नावाने अर्ज करून त्याला हिताची कंपनीत नोकरी लागली. कोरियन असल्याचं कळताच ती काढून घेण्यात आली. योकोहामाच्या न्यायालयाने कंपनीला दोषी धरलं आणि तो कामावर रुजू झाला. दुसरा निकाल 1978 चा, सर्वोच्च न्यायालयाचा. रोनाल्ड मॅक्लीन या अमेरिकी इंग्रजी शिक्षकाने व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतला, म्हणून त्याच्या मुक्कामाची मुदत वाढवली गेली नाही. न्यायालय म्हणालं, राज्यघटनेतले मूलभूत हक्क स्वभावतःच फक्त नागरिकांसाठी असलेले सोडले तर परदेशी माणसालाही आहेत. मात्र ते मुक्कामाच्या परवानगीच्या चौकटीत. निदर्शन करण्यात बेकायदा काही नव्हतं. पण परवानगी वाढवताना मंत्री ते विचारात घेऊ शकतो. हक्क आहे, पण वापरलात तर पुढच्या वर्षी इथे असाल याची खात्री नाही. जपानमध्ये परदेशी म्हणून राहण्याचा सगळा अनुभव या एका निकालात मावतो असं मला वाटतं.

9 जुलै 2012 रोजी जुना नोंदणी कायदा रद्द झाला. वेगळी वही बंद झाली, परदेशी रहिवासी सर्वसाधारण रहिवासी नोंदीत आले, त्यांचाही ज्यूमिनह्यो निघू लागला. मुक्कामाची कमाल मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. देशाबाहेर जाऊन वर्षाच्या आत परतायचं असेल तर आधी परवाना काढण्याची कटकट संपली. हा बदल मोठा होता, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

पण विचार तोच राहिला. नव्या व्यवस्थेत बहुतेकांजवळ रेसिडेन्स कार्ड असतं आणि ते सतत अंगावर बाळगावं लागतं. न बाळगल्यास दोन लाख येनपर्यंत दंड. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जातानाही हा नियम लागू आहे. घर बदललं तर 14 दिवसांत कळवा, नोकरी बदलली तर 14 दिवसांत कळवा, नाव बदललं तर 14 दिवसांत कळवा. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून करता येतो. निर्णय वेळेत आला नाही तर कार्डाच्या मागे ‘अर्ज विचाराधीन’ असा शिक्का बसतो आणि जास्तीत जास्त दोन महिने त्या शिक्क्यावर काढायचे. कायद्याने तो शिक्का पुरेसा आहे. पण कार्डाच्या पुढच्या बाजूला छापलेली तारीख उलटून गेलेली दिसली की बँकेतला माणूस थबकतो, आणि मग शिक्क्याचा अर्थ त्याला समजावून सांगण्याचं काम अर्जदाराकडेच येतं.

मराठी माणसाची अडचण तर नावापासूनच सुरू होते. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, असा तिहेरी कारभार. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र ‘दिलेलं नाव’ म्हणून जातात आणि रेसिडेन्स कार्डावर तशीच उतरतात. जपानी नावात दोनच भाग असतात आणि फॉर्मवरचे चौकोनही त्या बेताने आखलेले. आपलं नाव कातकाना लिपीत लिहिलं की ते लांबतच जातं. मग बँकेत एक नाव, विमा कार्डावर दुसरं, मोबाइल कंपनीकडे मधेच तुटलेलं तिसरं. दवाखान्यात नर्स दारात येऊन वडिलांच्या नावाने हाक मारते आणि बाकावर बसलेली मुलगी, आपल्याला बोलावलं हे न कळून, तशीच बसून राहते. लग्न झालेल्या मराठी बाईचं मधलं नावही बदलतं आणि आडनावही. जपानी लग्नातही एकाचं आडनाव बदलतं, त्यामुळे ते खिडकीवरच्या कारकुनाला समजतं. पण नवऱ्याचं नाव बायकोच्या नावात का आलं, हे त्याला समजावताना मी घामाघूम झालेलो आहे. तो उद्धट नव्हता. त्याने चार वेळा माफी मागितली, वरच्या साहेबाला विचारून आला, जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट झेरॉक्स करून घेतले आणि शेवटी नम्रपणे सांगितलं की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं आपल्या दूतावासाकडून लिहून आणा.

पहिल्या महिन्यातला दुसरा फेरा घर, फोन आणि बँक यांचा. घर भाड्याने घ्यायला फोन नंबर लागतो. फोनच्या करारासाठी बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड लागतं. बँकेला पत्ता आणि फोन दोन्ही लागतात. शिवाय परकीय चलनाच्या नियमांनुसार देशात येऊन सहा महिने न झालेला आणि तिथे नोकरी नसलेला माणूस ‘अनिवासी’ धरला जातो, म्हणून विद्यार्थ्यांना आणि नुकत्याच आलेल्या जोडीदारांना काही बँका मर्यादित खातं देतात, काही देतच नाहीत. कंपनीने पाठवलेल्यांचं हे सगळं कंपनी निभावते. स्वतःच्या हिमतीवर गेलेल्याला हा चक्रव्यूह स्वतः फोडावा लागतो.

घराचा प्रश्न मात्र कंपनीवाल्यांनाही सुटत नाही. जपानमध्ये भाड्याचं घर घेताना अनामत असते, घरमालकाला परत न मिळणारी भेट म्हणून ‘रेइकिन’ असते, दलाली असते आणि सगळ्यांत अवघड म्हणजे ‘होशोनिन’, म्हणजे भाडं थकलं तर आपण भरू अशी हमी देणारा माणूस. परंपरेने हा कुणी नातेवाईक, वडील किंवा काका. नुकत्याच उतरलेल्या परदेशी माणसाने काका आणायचा कुठून? हल्ली हमी देणाऱ्या कंपन्या पैसे घेऊन ही जागा भरतात. तरीही 2017 मध्ये न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा आदल्या पाच वर्षांत घर शोधणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचं सांगितलं. जवळपास तितक्याच लोकांना जपानी हमीदार नाही म्हणून नकार मिळाला होता, आणि चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांनी ‘परदेशी चालणार नाहीत’ ही सूचना वाचूनच नाद सोडला होता. हे आकडे सरकारने स्वतः गोळा केलेले आहेत.

हा नकार प्रत्यक्षात कसा मिळतो ते मी अनेकदा पाहिलं आहे. दलालाच्या कचेरीत चहा येतो, नकाशे पसरले जातात. एखादं घर पसंत पडतं. मग दलाल आपल्यासमोरच घरमालकाला फोन लावतो. परदेशी आहेत, पण जपानी बोलतात. हो, भारतीय. नवराबायको आहेत, पक्की नोकरी आहे. नाही, ओरडा करणारे वाटत नाहीत. स्वयंपाकाच्या वासाचं विचारतो. फोन संपतो, दलाल कमरेत वाकतो आणि म्हणतो, या घराचा योग दिसत नाही, दुसरं पाहू या. कुणाचा आवाज चढलेला नसतो. आणि त्या खोलीत जिच्याबद्दल बोलणं झालं, तिने ते सगळं, अगदी वासासकट, ऐकलेलं असतं.

तोक्योच्या एदोगावा वॉर्डातलं निशिकासाई भारतीयांचं गाव का झालं, याचं एक उत्तर इथे सापडतं. 2000 साल येताना संगणकांत गोंधळ होऊ नये म्हणून मोठ्या संख्येने भारतीय इंजिनियर बोलावले गेले. तोझाई मार्गावरून गाडी न बदलता शहराच्या मध्यातल्या बँका आणि कचेऱ्या गाठता येतात, म्हणून त्यांना हा भाग सोयीचा. पण खरं आकर्षण निमसरकारी यूआर संस्थेच्या इमारतींचं होतं. तिथे हमीदार लागत नाही, रेइकिन नाही, दलालीही नाही. उत्पन्नाचा पुरावा पुरतो. नियम वेगळा असला की माणसं कुठे राहतात हेही बदलतं. भारतीय आपापसांतच राहतात अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी यूआरची अर्जपत्रिका वाचावी.

दार उघडपणे बंद करणारेही होते. 1998 मध्ये हामामात्सु शहरात अना बोर्ट्झ या ब्राझिलियन पत्रकार बाईला दागिन्यांच्या दुकानातून परदेशी म्हणून बाहेर काढलं गेलं. जपानमध्ये वंशभेदाला मनाई करणारा स्वतंत्र कायदा नव्हता, म्हणून तिच्या वकिलांनी वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. त्या करारात जपान 1995 मध्ये सामील झाला होता. 1999 मध्ये न्यायालयाने तिला पंधरा लाख येन भरपाई दिली. होक्काइदोतल्या ओतारू गावात रशियन खलाशांचा त्रास होतो म्हणून एका सार्वजनिक स्नानगृहाने ‘फक्त जपानी’ अशी पाटी लावली होती. तिथे अडवल्या गेलेल्यांत मूळचा अमेरिकी देबितो अरुदोउ होता. तो पुढे जपानी नागरिक झाला, कागद घेऊन पुन्हा गेला, आणि चेहरा परदेशी म्हणून पुन्हा परत पाठवला गेला. 2002 मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने स्नानगृहाला तिघा फिर्यादींना प्रत्येकी दहा लाख येन द्यायला लावले, पण पाट्या थांबवण्याची जबाबदारी नगरपालिकेवर टाकली नाही. म्हणजे ज्याला अडवलं त्याने वकील लावावा, वर्षं घालवावीत आणि एकेक पाटी स्वतः उतरवावी. 2016 मध्ये द्वेषमूलक भाषणांविरुद्ध कायदा आला, पण त्यात शिक्षा नाही. दंडाची तरतूद आणली ती कावासाकी शहराने 2019 मध्ये, स्वतःच्या नियमाने.

पाट्यांपेक्षा जास्त माणसं ज्यांनी थकतात त्या अडचणींना मात्र न्यायालय नसतं. मराठी घरांतली सगळ्यात मोठी म्हणजे आईवडिलांची. परदेशी रहिवाशाला जोडीदार आणि मुलं आणता येतात, वृद्ध आईवडील सहसा नाहीत. उच्च कौशल्याच्या वर्गातल्यांना मूल सात वर्षांचं होईपर्यंत, तेही ठरावीक उत्पन्न असेल तर, आजी-आजोबांना बोलावता येतं. नातवंडं सांभाळायला या, पण म्हातारपणाला येऊ नका, असा त्याचा सरळ अर्थ. दुसरी अडचण जोडीदारांची. नवऱ्याबरोबर ‘आश्रित’ म्हणून गेलेली बाई इंजिनियर असो की डॉक्टर, तिला वेगळी परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. या पुस्तकातले सर्वांत रोखठोक लेख या बायकांनी लिहिले आहेत, आणि ते वाचून परदेशात गेलेल्या जावयाचं कौतुक करणारी घरं जरा गप्प होतील अशी आशा आहे.

मुलांचं आणखी वेगळं. जपानमध्ये सक्तीच्या शिक्षणाचं कर्तव्य नागरिकांवर आहे. परदेशी मूल शाळेत आलं तर घेतात, आलं नाही तर बराच काळ कुणी शोधत नसे. 2019 मध्ये शिक्षण मंत्रालयाने पहिल्यांदा देशभर मोजदाद केली, तेव्हा सुमारे 19 हजार परदेशी मुलं शाळेबाहेर असण्याची शक्यता दिसली. यांतली पुष्कळ मुलं कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांची, आणि हे पालक बोलावलेले होते. 1990 मध्ये कायदा बदलून जपानी वंशाच्या ब्राझिलियनांना दारं उघडली गेली. 2009 च्या मंदीत त्यांना परत जाण्यासाठी प्रत्येकी तीन लाख येन देण्यात आले, आणि पैसे घेणाऱ्यांवर त्याच दर्जाने परत येण्याची बंदी आली. 1993 पासून चाललेल्या तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेत आशियातल्या गरीब देशांतले तरुण ‘शिकायला’ आले आणि शेतांत, कपड्यांच्या कारखान्यांत राबले; मालक कितीही वाईट असला तरी तो बदलण्याची सोय सहसा नव्हती. ती योजना बंद करून नवी आणण्याचा कायदा 2024 मध्ये झाला. या माणसांच्या अडचणींपुढे इंजिनियरांच्या अडचणी किरकोळ आहेत, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावं.

सगळं अंधारलेलं आहे असं चित्र मला उभं करायचं नाही. ऑक्टोबर 2016 पासून भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, त्यामुळे कंपनीने काही वर्षांसाठी पाठवलेल्यांना दोन्हीकडे निवृत्तिवेतनाची वर्गणी भरावी लागत नाही. 2020 नंतर सरकारी कागदांवरची शिक्क्याची, म्हणजे ‘हांको’ची, सक्ती झपाट्याने कमी झाली. एप्रिल 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे जपानी नागरिकत्व घेतलेले मराठी गृहस्थ एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडून येण्याची ही पहिलीच वेळ. त्यासाठी त्यांना भारतीय नागरिकत्व सोडावं लागलं, कारण दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. कायमच्या रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क द्यायला राज्यघटनेची आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच म्हटलं आहे, पण तसा कायदा झालेला नाही.

2024 च्या अखेरीस जपानमध्ये 37 लाखांहून अधिक परदेशी रहिवासी होते, त्यांत भारतीय 50 हजारांच्या वर. देश म्हातारा होतो आहे, कामाला माणसं कमी पडताहेत, सरकार माणसं बोलावतं आहे. त्याच वेळी 2025 च्या उन्हाळ्यातल्या निवडणुकीत ‘जपानी प्रथम’ ही घोषणा मतं घेऊन गेली. मुद्दाम कर चुकवणाऱ्याचं कायमचं वास्तव्य काढून घेता येईल अशी तरतूद आधीच, 2024 मध्ये, झाली होती. ऑक्टोबर 2025 पासून व्यवसायासाठीच्या व्हिसाला लागणारं भांडवल 50 लाख येनवरून तीन कोटींवर गेलं. निशिकासाईत दहा खुर्च्यांचं उपाहारगृह चालवणाऱ्याला तीन कोटी येन म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. बोलावणं आणि आवळणं एकाच हाताने चालू आहे.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं. परदेशी रहिवाशाची अडचण वाईट माणसांमुळे येते हा समज सोडला पाहिजे. जपानी कारकून जगातल्या उत्तम कारकुनांपैकी आहेत. अडचण आहे ती पाहुणा आणि रहिवासी यांतला फरक न मानण्याची. पाहुण्याशी आदबीने वागतात, पण त्याने किती दिवस राहायचं हे यजमान ठरवतो. चाळीस वर्षं त्या गावात काढलेल्या माणसाला पाहुण्यासारखी वागणूक मिळाली, तर ती कितीही आदबीची असो, तिच्यातून त्याला हक्क मिळत नाही. आणि आजवर जे हक्क मिळाले ते आदबीतून आलेच नाहीत. ठसा नाकारणाऱ्या, नोकरीसाठी कोर्टात जाणाऱ्या, मिशा रंगवून रस्त्यावर येणाऱ्या माणसांनी ते ओढून आणले. त्यांतल्या बहुतेकांना त्याची किंमत मोजावी लागली, आणि फायदा मागून येणाऱ्यांना झाला. आज तोक्योत सुखाने नांदणारी मराठी कुटुंबं त्या कोरियन रहिवाशांची देणेकरी आहेत. हे ऋण या पुस्तकात पहिल्यांदा मराठीत नीट मांडलं गेलं आहे असं मी मानतो.

पुस्तक कसं वाचावं, याबद्दल थोडं. जपानला निघालेल्यांनी आधी घर, नाव आणि व्हिसा यांवरचे लेख वाचावेत. त्यांतली माहिती उपयोगी आहे, मात्र नियम बदलत असतात, तेव्हा ताजी स्थिती सरकारी कार्यालयातून पडताळून घ्यावी. निघण्यापूर्वी पासपोर्ट, पदव्या आणि लग्नाचा दाखला यांवर नाव अक्षरशः सारखं आहे ना, हे पाहावं. तिथे पोचल्यावर 14 दिवसांच्या मुदती पाळाव्यात, कर आणि आरोग्य विम्याचे हप्ते एक दिवसही चुकवू नयेत. कायमच्या वास्तव्याच्या अर्जात हे सगळं मोजलं जातं.

ज्यांना जपानला जायचं नाही त्यांनीही हे पुस्तक वाचावं, आणि वाचताना आपलं गाव डोळ्यांसमोर ठेवावं. पुण्यात आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून विद्यार्थी शिकायला येतात. 180 दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असलेल्या बहुतेकांना 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. घरमालकाने त्यांची माहिती 24 तासांत कळवायची असते, आणि नेमकी हीच कटकट नको म्हणून कितीतरी मालक फोनवरच नकार देतात. सोसायटीच्या सभेत त्यांच्या रंगाबद्दल, स्वयंपाकाबद्दल जे बोललं जातं ते तोक्योतल्या दलालाच्या फोनपेक्षा पुष्कळ कमी सभ्य असतं. माहिती कळवण्याचा तो फॉर्म आता संगणकावर भरता येतो आणि त्याला फार वेळ लागत नाही. तो भरा, आणि घर द्या.